शर्यतीचे मैदान आणि इतिहासाची साधने : झाडीपट्टीतील शंकरपटाचा एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग आणि गडचिरोली जिल्ह्याचा उत्तर भाग हा भंडारा-गोंदियाशी जोडलेल्या झाडीपट्टीचा प्रदेश होय. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल, आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा या तालुक्यांत धान हे मुख्य पीक आहे. जंगल, तलाव आणि धानाची बांधी या तीन गोष्टींवर येथील लोकजीवन उभे राहिले. धानाची कापणी आटोपली, मळणी झाली आणि घरात नवा तांदूळ आला की या भागातील गावांना शंकरपटाचे वेध लागतात. बैलजोड्यांच्या या शर्यतीचे नाव घेतल्याशिवाय झाडीपट्टीच्या सामाजिक जीवनाचे वर्णन पूर्ण होत नाही. असे असूनही शंकरपटाचा सुसंगत लिखित इतिहास सांगू लागल्यास अभ्यासकाच्या हाती फारच थोडी साधने येतात.

याउलट जगातील प्रसिद्ध घोडदौडीच्या मैदानांची स्थिती आहे. तेथे मैदानाला लागूनच संग्रहालय असते. प्रत्येक शर्यतीची तारीख, विजेता घोडा, त्याचा मालक, स्वार व लागलेला वेळ यांची नोंद तेथे मिळते. दोन्ही ठिकाणी जनावर धावते, माणूस ते हाकतो आणि हजारो लोक ते पाहतात. मग एका शर्यतीचे संग्रहालय व्हावे आणि दुसरीची साधी नोंदही राहू नये, असे का घडले? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०११ ते २०२३ या काळात बैलांच्या शर्यतीच्या परंपरेविषयीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात इतिहासाच्या पुराव्याला किती महत्त्व असते हे स्पष्ट झाले. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) घोडदौडीच्या स्थायी मैदानांची नोंदपरंपरा कशी निर्माण झाली ते पाहणे.
२) झाडीपट्टीतील शंकरपटाचे स्वरूप व त्याचे सामाजिक कार्य स्पष्ट करणे.
३) बैलशर्यतीवरील बंदीच्या काळाचा इतिहासलेखनाच्या दृष्टीने अर्थ लावणे.
४) शंकरपटाच्या इतिहासासाठी उपलब्ध होऊ शकणाऱ्या साधनांचा निर्देश करणे.

या लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि सार्वजनिकरीत्या ज्ञात असलेली माहिती यांचा आधार घेतला आहे.

१. स्थायी मैदान आणि त्याचे संग्रहालय

अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल येथे असलेले चर्चिल डाउन्स हे जगातील अत्यंत प्रसिद्ध घोडदौडीचे मैदान आहे. १७ मे १८७५ रोजी तेथे पहिली केंटकी डर्बी झाली. तेव्हापासून ही शर्यत एकही वर्ष न चुकता होत आली आहे. प्रेक्षकसज्जावरील दोन उंच मनोरे १८९५ चे आहेत आणि आज तेच त्या मैदानाचे चिन्ह बनले आहेत. १९८५ मध्ये मैदानाच्या प्रवेशद्वाराशेजारी केंटकी डर्बी संग्रहालय सुरू झाले. संग्रहालय पाहणाऱ्यास मार्गदर्शकाबरोबर प्रत्यक्ष मैदानाजवळ नेण्यात येते. वस्तू आणि स्थळ असे दोन्ही एकत्र दिसल्याने इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो.

या संग्रहालयाने जतन केलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. १८७५ च्या पहिल्या डर्बीत १५ स्वार होते आणि त्यांपैकी १३ कृष्णवर्णीय होते. विजेता घोडा ॲरिस्टायडिस याच्यावर ऑलिव्हर लुईस हा कृष्णवर्णीय स्वार होता. घोड्याला तयार करणारा अँसेल विल्यमसन हा पूर्वाश्रमीचा गुलाम होता. आयझॅक मर्फी याने १८८४, १८९० व १८९१ अशी तीन वेळा डर्बी जिंकली. जिमी विंकफील्डने १९०१ व १९०२ अशी सलग दोन वर्षे ती जिंकली. त्यानंतर मात्र वंशभेदामुळे कृष्णवर्णीय स्वार या मैदानातून हळूहळू बाहेर ढकलले गेले. लोकस्मृतीतून त्यांची नावे जवळजवळ पुसली गेली. ती पुन्हा सांगता आली, कारण शर्यतीच्या नोंदवहीत स्वाराचे नाव लिहिण्याची पद्धत होती. मैदानातून माणसे घालविता आली, पण नोंदीतून ती घालविता आली नाहीत.

आपल्याकडील उदाहरण मुंबईच्या महालक्ष्मी मैदानाचे आहे. हे मैदान १८८३ मध्ये उभे राहिले. आखणीसाठी मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाचा नमुना डोळ्यांसमोर होता. येथील शर्यतींचे संचालन रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहे. येथे १९४३ पासून इंडियन डर्बी होत आली आहे. १९१२ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने शर्यतीच्या मैदानांना परवाना देण्याविषयीचा कायदा केला. परवाना आला म्हणजे अर्ज आला, अटी आल्या, हिशेब आला, कर आला. पैज लावणाऱ्या प्रेक्षकाला घोड्याची मागील कामगिरी कळावी लागते, म्हणून छापील शर्यतपुस्तिका आल्या. थरोब्रेड घोड्याची किंमत त्याच्या कुळावर ठरते, म्हणून वंशावळीची नोंद आली. इंग्लंडमध्ये अशी नोंदवही १७९१ पासून छापली जात आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोडदौड हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला, तेव्हा घोड्याचे कूळ, त्याची तयारी आणि स्वाराचे कसब यांचा विचार करणे न्यायालयाला शक्य झाले. त्यामागे ही दीर्घ नोंदपरंपरा उभी होती.

यावरून एक बाब लक्षात येते. या मैदानांचा इतिहास टिकला तो मुख्यतः जमीन, परवाना, पैज आणि वंशावळ या व्यवहारांच्या नोंदींमुळे. इतिहास जपावा हा हेतू त्यात प्रारंभी नव्हता. संग्रहालय हे त्या कागदपत्रांचे फार उशिरा आलेले फळ होय. जमिनीचे महत्त्व तर आजही दिसते. २०२४ मध्ये महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महानगरपालिकेकडे देण्याचा आणि ९१ एकर क्लबकडे ठेवण्याचा निर्णय झाला. या वाटणीतही जुने भाडेपट्टे व नकाशे हेच चर्चेचे साहित्य होते.

२. बांधीतील पट

शंकरपटाची स्थिती याहून मूलतः भिन्न आहे. त्याला स्थायी मैदान नसते. गावाजवळची मोकळी जमीन साफ केली जाते, ढेकळे फोडली जातात, खाचखळगे बुजविले जातात आणि एक सरळ लांब पट्टी तयार होते. हाच ‘पट’. घोडदौडीचे मैदान लंबवर्तुळाकार असते आणि घोडा जेथून निघाला त्याच बाजूस परत येतो. पट सरळ असतो. एका टोकाला जोड्या सुटतात, दुसऱ्या टोकाला निकाल लागतो आणि सारा खेळ काही सेकंदांत संपतो. सामान्यतः दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडल्या जातात. हलक्या छकड्यावर एकटा धुरकरी असतो. दोन्ही बैलांची चाल जुळलेली असावी लागते. एक बैल कितीही वेगवान असला आणि दुसरा मागे राहिला तर छकडा पट्टी सोडतो. म्हणून पटाच्या जगात एकट्या बैलाला अर्थ नसतो, जोडीलाच अर्थ असतो.

‘शंकर’ या शब्दाचा संबंध लोकमानसात महादेव आणि त्याचे वाहन नंदी यांच्याशी जोडला जातो. कृषिसंस्कृतीत बैलाला असलेले देवत्व येथे खेळात उतरले आहे. पोळ्याला बैलाची पूजा होते, पटात त्याचा गौरव होतो. पोळ्याचा दिवस पावसाळ्यातील, कामाच्या धबडग्यातील. पटाचा काळ पीक हाती आल्यानंतरचा, विसाव्याचा. अशा रीतीने शेतीच्या वर्षाची दोन टोके बैलाच्या सन्मानाने बांधलेली दिसतात.

पट संपला की पावसाळ्यापूर्वी ती जमीन पुन्हा नांगराखाली येते. आषाढात तेथे चिखलणी होते, रोवणी लागते. गतवर्षी ज्या मातीवर हजारो माणसे उभी होती तेथे गुडघाभर धान डोलत असते. इतिहासाच्या दृष्टीने ही घटना फार अर्थपूर्ण आहे. जे मैदान दरवर्षी नांगरले जाते त्याचा नकाशा कोणी काढत नाही, त्याचा भाडेपट्टा होत नाही, त्यावर वास्तू उभी राहत नाही. पुरातत्त्वाला तेथे अवशेष मिळत नाही आणि अभिलेखागारात कागद मिळत नाही.

ब्रिटिश राजवटीतील साधनांचा विचार केला तरी हीच मर्यादा जाणवते. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीविषयीचा अहवाल आणि १९०९ चे चांदा जिल्हा गॅझेटियर ही त्या काळाची महत्त्वाची साधने होत. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग असल्याने दोन्ही जिल्ह्यांच्या अभ्यासास ती आवश्यक आहेत. परंतु हे ग्रंथ प्रशासनाच्या गरजेतून लिहिले गेले. जमीन, महसूल, जंगल आणि तलाव हे त्यांचे केंद्रविषय होते. बैल त्यांत शेतीचे साधन म्हणून येतो. पटाचा बैल हा शासनाच्या कोणत्याही रकान्यात बसणारा नव्हता.

३. पट आणि नाटक

शंकरपटाचे महत्त्व केवळ शर्यतीपुरते नाही. झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी सांगड आहे. पटासाठी दूरदूरच्या गावांहून आलेल्या माणसांना रात्री मुक्काम करावा लागे. त्यांच्या रंजनासाठी दंडार, तमाशा, गोंधळ असे प्रकार होत आणि पुढे त्यांतूनच रात्रभर चालणाऱ्या नाटकांची परंपरा बळावली, असे या रंगभूमीच्या उगमाविषयी सर्वसाधारणपणे मानले जाते. आज देसाईगंज (वडसा) हे झाडीपट्टी रंगभूमीचे प्रमुख केंद्र आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिचा हंगाम चालतो. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पटाच्या सावलीत वाढलेल्या कलेला मिळालेला हा राष्ट्रीय सन्मान होय.

पट भरला की गावात पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी निघतात. भांड्यांची, कपड्यांची, खेळण्यांची दुकाने लागतात. बैलांची पारख होते आणि सौदे ठरतात. पंचक्रोशीची वार्षिक भेट, बाजार आणि रंगमंच ही तिन्ही कार्ये एकाच प्रसंगी पार पडतात. महालक्ष्मीच्या मैदानावरही प्रतिष्ठितांची भेटगाठ होते. तेथे मात्र सभासदांची जागा वेगळी आणि सामान्यांची वेगळी अशी विभागणी प्रेक्षकसज्जातच बांधलेली असते. पटाच्या दोन्ही अंगांना उभ्या राहणाऱ्या गर्दीला तशी दगडी चौकट नाही. अर्थात गावातील जातीय व आर्थिक अंतरे तेथे लोप पावतात असे मानण्याचे कारण नाही. त्या अंतरांचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागेल.

४. बंदीचा काळ आणि न्यायालयातील इतिहास

११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली अधिसूचना काढून प्रदर्शन व खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. घोडा या यादीत नव्हता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराजा प्रकरणात जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बेकायदेशीर ठरविल्या. बैल हा ओझे वाहणारा व ओढकाम करणारा प्राणी असून त्याची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी घडलेली नाही, हा त्या निर्णयातील एक मुद्दा होता. ७ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने केंद्राने काही सवलत दिली, परंतु तिला लगेच स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने मूळ कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तिच्या अंमलबजावणीलाही मुंबई उच्च न्यायालयात अडथळा आला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र व कर्नाटक यांचे कायदे वैध ठरविले.

प्राणिप्रेमी संघटनांचे आक्षेप निराधार होते असे म्हणता येणार नाही. पराणी टोचणे, शेपूट पिरगाळणे वा चावणे, विजेचा धक्का देणे, अशा प्रकारांची नोंद न्यायालयापुढे झालेली होती. ज्या बैलाची पोळ्याला पूजा करायची त्यालाच पटात यातना द्यायच्या, ही विसंगती परंपरेच्या नावाखाली झाकता येत नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकासाठी या खटल्यातील दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. २०१४ मध्ये न्यायालयाने हे खेळ संस्कृतीचा भाग असल्याचा दावा अमान्य केला होता. २०२३ मध्ये घटनापीठाने म्हटले की, एखादी प्रथा संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी धार्मिक, सांस्कृतिक व सामाजिक अंगांनी सविस्तर चिकित्सा करावी लागते. ते काम न्यायालयाचे नाही. विधिमंडळाने घेतलेली भूमिका न्यायालय मान्य करते. म्हणजे ज्या चिकित्सेची आवश्यकता न्यायालयाने बोलून दाखविली ती चिकित्सा अद्याप व्हावयाचीच आहे. ती करण्याची जबाबदारी विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यावर येते.

मध्यंतरीच्या अंतरिम आदेशांचा अपवाद वगळल्यास दहा वर्षांचा हा खंड लोकपरंपरेच्या दृष्टीने मोठा होता. पटाची जोडी तयार करणे हे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाचे ज्ञान आहे. खोंडाची निवड कशी करावी, कोणता बैल कोणत्या बाजूस जुंपावा, खुराक कोणता द्यावा, धाव केव्हा घ्यावी आणि केव्हा विश्रांती द्यावी, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते बापाकडून मुलाकडे जात असते. याच काळात ट्रॅक्टरचा वापर वाढला आणि शेतकऱ्यांच्या गोठ्यातील बैल कमी झाले. त्यामुळे बंदी उठल्यावर पट पुन्हा सुरू झाले तरी ते पूर्वीच्याच शेतीव्यवस्थेत परतले नाहीत. पूर्वी शेतात राबणारी जोडीच पटात धावत असे. आता केवळ पटासाठी सांभाळलेल्या जोडीचे प्रमाण वाढत आहे. या अर्थाने शंकरपट घोडदौडीच्या जवळ सरकत आहे, हे परिवर्तन नोंदविण्याजोगे आहे.

५. इतिहासाची उपलब्ध साधने

शंकरपटाची साधने नाहीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ती वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

अ) नाटकांची हस्तपत्रके : झाडीपट्टीतील अनेक नाट्यप्रयोग ‘शंकरपटानिमित्त’ अथवा ‘मंडईनिमित्त’ जाहीर होतात. हस्तपत्रकावर गाव, तारीख, आयोजक मंडळ, नाटक व कलावंत यांची नावे असतात. म्हणजे पटाची कागदावरील नोंद पटाने ठेवली नसली तरी त्याच्या नाटकाने ठेवली आहे. गावोगावची जुनी पत्रके एकत्र केल्यास कोणत्या गावी कोणत्या वर्षी पट भरला याचा कालक्रम तयार होऊ शकतो. बंदीच्या वर्षांत त्या पत्रकांतील निमित्त कसे बदलले, हेही त्यातून तपासता येईल.

आ) मौखिक साधने : जुने धुरकरी, जोडीचे मालक, पंच, छकडे तयार करणारे सुतार व बैलांचे जाणकार यांच्या मुलाखती तातडीने घेणे आवश्यक आहे. झाडीबोलीतील पटाचे शब्द हे या ज्ञानाचेच भांडार आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली व दंडार यांच्या अभ्यासाची पायाभरणी केली आहे. त्याच दिशेने पटाचा शब्दसंग्रह व्हावा.

इ) वस्तू : छकडा, जू, घुंगरमाळा, झुली, मिळालेली बक्षिसे व छायाचित्रे ही संग्रहालयात ठेवण्याजोगी सामग्री आज घरांच्या माळ्यावर पडून आहे.

ई) प्रशासकीय कागदपत्रे : नव्या नियमांनुसार शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आणि शर्यतीचे चित्रीकरण बंधनकारक झाले. धावपट्टीच्या लांबीवर मर्यादा आली, काठी, चाबूक व विजेचा धक्का यांना मनाई झाली. घोडदौडीच्या बाबतीत १९१२ च्या परवान्याने जे केले तेच आता बैलशर्यतीच्या बाबतीत घडत आहे. शंकरपटाचा पहिला शासकीय अभिलेख आपल्या डोळ्यांदेखत तयार होत आहे. कार्यालयीन मुदत संपल्यावर हे कागद नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या जतनाची व्यवस्था करणे अगत्याचे आहे.

६. कोणाचे नाव राहते?

चर्चिल डाउन्सच्या उदाहरणाचा खरा धडा येथे लागू होतो. पटाच्या आठवणी सांगताना लोक बैलांची नावे सांगतात, मालकाचे व गावाचे नाव सांगतात. छकड्यावर जीव धोक्यात घालून उभ्या असलेल्या धुरकऱ्याचे नाव सहसा मागे पडते. बैल चारणारा, त्याला खुराक घालणारा गडी तर आठवणीतही येत नाही. ज्या घरातील बाई गोठा सावरते, पेंढा-पाणी पाहते तिचा उल्लेख क्वचितच होतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील प्रसिद्ध शंकरपटात स्त्रियांनी स्वतः जोड्या हाकल्या आहेत, ही घटना म्हणूनच लक्षणीय आहे. लुईव्हिलच्या नोंदवहीत स्वाराचे नाव नसते तर ऑलिव्हर लुईस इतिहासाला सापडला नसता. झाडीपट्टीत पटाची नोंद आज सुरू करावयाची असेल, तर तिच्या पहिल्या पानापासून मालकाच्या शेजारी धुरकऱ्याचे नाव लिहिले गेले पाहिजे.

निष्कर्ष

१) घोडदौडीचा इतिहास सुरक्षित राहिला तो स्थायी जमीन, परवाना, पैज व वंशावळ यांच्या नोंदींमुळे. त्या खेळाच्या श्रेष्ठत्वाचा तो पुरावा ठरत नाही.

२) शंकरपटाचे मैदान दरवर्षी शेतीत विलीन होते. त्यामुळे त्याचा इतिहास भूमीपेक्षा भाषेत, स्मृतीत आणि रंगभूमीत अधिक टिकला आहे.

३) परंपरा ही सबळ पुराव्यानिशी मांडावी लागते. तिच्यातील क्रौर्य मान्य करून ते दूर करणे हाही त्या प्रामाणिक मांडणीचाच भाग होय.

४) २०२१ नंतरच्या परवानगीपत्रांमुळे शंकरपटाच्या लिखित नोंदीचे नवे पर्व सुरू झाले आहे.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, अर्थात लोकांचा अजब बंगला, १८६३ मध्ये स्थापन झाले. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. ज्या वर्षी पटावर बंदी आली त्याच वर्षी हे विद्यापीठ जन्मास आले. इतिहास, मराठी, समाजशास्त्र व प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन प्रत्येक तालुक्यातील एका पटाची जरी पद्धतशीर नोंद केली, तरी काही वर्षांत एक मौलिक संग्रह उभा राहील. त्यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहण्याची गरज नाही. एक नोंदवही, एक ध्वनिमुद्रक आणि गावातील वृद्धांपाशी बसण्याइतका वेळ एवढे भांडवल प्रत्येक महाविद्यालयापाशी निश्चितच आहे. बांधीतील पट पावसाबरोबर पुसला जाणारच. त्याची नोंद मात्र पुसली जाऊ नये.